आधी कॅबिनेट उघडा

दिवाळीच्या तोंडावर बोनस जमा झाला की घरोघरी खर्चाची यादी निघते. फराळ, कपडे, रंगकाम, सोसायटीची थकबाकी, जमलं तर एखादा ग्रॅम सोनं. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी मागणी दाखल झाली आहे. कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी म्हणते, आपल्या कॉम्प्युटरवर नवीन गेम चालत नाहीत. एक तर तो अपग्रेड करू या, नाहीतर प्लेस्टेशन घेऊ या. वडील विचारतात, किती लागतील? उत्तर येतं, पन्नास-पंचावन्न हजार. आई म्हणते, एवढ्यात तर नवा फ्रिज येईल. आणि विषय पुढच्या रविवारवर ढकलला जातो.

हा विषय टाळू नये, म्हणून हा लेख लिहितो आहे. पन्नास हजार ही नोकरदार घरासाठी मोठी रक्कम आहे. ती चुकीच्या ठिकाणी गेली तर पुढची चार वर्षं हळहळ राहते. बरं, ज्याच्यासाठी खर्च करायचा तो खेळ मुलांच्या आयुष्यात आज तितकाच खरा आहे, जितकं त्यांच्या आईवडिलांच्या वेळी गल्लीतलं क्रिकेट होतं. मुंबई-पुण्याच्या बाजारांत, दुरुस्तीच्या काउंटरवर आणि अशी खरेदी केलेल्या घरांत मी बरंच काही ऐकलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत सापडत नाही, मित्राच्या घरीही सापडत नाही. ते आपल्याच टेबलाखालच्या धुळकट कॅबिनेटमध्ये असतं.

लॅमिंग्टन रोडवरचं निदान

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की थोड्या अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाट्यांवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गव्हर्नराचं नाव लोकांच्या तोंडून काही गेलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी आणि कॉम्प्युटरसाठी अख्खी मुंबई इथे येते. पुण्यात हाच मान बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या परिसराला आहे.

दिवाळीआधी इथल्या एका दुकानात डोंबिवलीहून आलेले वडील आणि त्यांचा बारावीतला मुलगा उभे होते. मुलाच्या कुशीत कॅबिनेट होतं, चादरीत गुंडाळलेलं. "काका, ग्राफिक्स कार्ड तेवढं बदलायचंय," मुलगा म्हणाला. कारागिराने दोन स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि आधी ब्लोअर मारला. धूळ उडाल्यावर आतलं दिसायला लागलं. इंटेलचा सातव्या पिढीतला आय-५ प्रोसेसर, एच-११० मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय हे चार जीबीचं कार्ड. २०१७ च्या आसपास महाराष्ट्रात हजारो घरांनी नेमका हाच संच जुळवून घेतला होता. त्या काळात तो शहाणपणाचाच सौदा होता.

कारागिराने कार्डाकडे बघितलंच नाही. त्याने टॉर्च मारला तो पॉवर सप्लायवर, म्हणजे बाजाराच्या भाषेत एसएमपीएसवर. लेबलवर मोठ्या आकड्यात ४५० छापलं होतं. त्याने खालच्या बारीक रकान्यावर बोट ठेवलं. बारा व्होल्टच्या ओळीत अठरा अँपिअर लिहिलं होतं. "बारा गुणिले अठरा किती?" त्याने मुलाला विचारलं. मुलाने मोबाइल काढला. २१६. "कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच ओळीतून जेवतात. ४५० वॅट नुसतं नावाला. खरे हे एवढेच."

मग एकेक गाठ सुटत गेली. १०५० टीआय हे कार्ड मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालतं, त्याला वेगळी वायर लागत नाही. म्हणूनच इतकी वर्षं या सप्लायवर ते निभावलं. पुढच्या पिढ्यांतलं आरटीएक्स ४०६० घ्यायचं तर ११५ वॅट हवेत आणि आठ पिनची स्वतंत्र वायर हवी. ती या सप्लायला नव्हतीच. म्हणजे सप्लाय बदला. समजा बदलला, तर हा प्रोसेसर चार कोअरचा. आजचे गेम आठ कोअरच्या कन्सोलसाठी बेतलेले असतात, त्यामुळे नवं कार्ड बसवलं तरी प्रोसेसर धापा टाकणार आणि चित्र अडखळणार. मग प्रोसेसर बदला. पण या बोर्डावर आठव्या पिढीचा इंटेल चालत नाही. पिनांची संख्या तीच, खाच दिसायला तीच, तरी चालत नाही. म्हणजे बोर्ड बदला. नव्या बोर्डावर डीडीआर-५ मेमरी लागत असेल तर जुनी रॅमही बाद. शिवाय मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचे बहुतेक सगळे प्रोसेसर बसत नाहीत.

शेवटी शाबूत काय राहिलं? कॅबिनेट, कीबोर्ड, माउस, मॉनिटर आणि हार्ड डिस्क. कारागीर वडिलांकडे वळून म्हणाला, "साहेब, याला अपग्रेड नाही म्हणत. हा नवा कॉम्प्युटर झाला."

सगळ्या लेखाचं सार या वाक्यात आहे. एक भाग बदलायचा असेल तर ते अपग्रेड. तीन-चार बदलावे लागले तर ती नवी खरेदी असते आणि तिचा विचार नव्या खरेदीसारखाच करायला हवा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

त्याच बाजारात दुसरं चित्र

आता पुण्यातली एक केस बघा. ॲनिमेशन शिकणारी एक मुलगी. तिच्याकडे २०१८ च्या पिढीतला रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी-४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर-४ रॅम आणि नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय. कार्ड मात्र जुनं झालेलं. तिच्या कॅबिनेटमधून एकच भाग काढला, एक बसवला, वायर जोडली, ड्रायव्हर टाकला आणि काम झालं. प्रोसेसरचा प्रश्न पुढे आलाच तरी तिला बोर्ड फेकावा लागणार नाही. बायॉस अद्ययावत केलं की त्याच खाचेत ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. एएमडीने एएम-४ ही खाच रायझनसाठी २०१७ मध्ये आणली आणि २०२४ मध्येसुद्धा तिच्यासाठी नवे प्रोसेसर बाजारात उतरवले. एका मदरबोर्डवर सात वर्षांचा वाव मिळणं ही या धंद्यात मोठी गोष्ट आहे.

डोंबिवलीचा संच आणि पुण्याचा संच यांत वयाचं अंतर जेमतेम वर्षाचं. दोन्ही घरांची ऐपत साधारण सारखी, दोन्ही मुलांची हौस सारखी. तरीही एकाला अपग्रेड परवडतं आणि दुसऱ्याला परवडत नाही. म्हणून "पीसी बरा की कन्सोल?" या प्रश्नाचं सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या कॅबिनेटमध्ये काय आहे हे विचारल्याशिवाय तो जे सांगेल ती त्याची आवड असेल, तुमच्यासाठीचा सल्ला नसेल.

कन्सोल स्वस्त कसा?

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये, बिनडिस्कच्या डिजिटल आवृत्तीची ३९,९९०. एक्सबॉक्स सिरीज एक्स त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये ४९,९९० ला आणि छोटा सिरीज एस ३४,९९० ला आला होता. प्लेस्टेशनच्या आत एएमडीचा आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी वेगवान मेमरी आणि त्या वेळच्या चांगल्या कॉम्प्युटरांनाही हेवा वाटावा अशी एसएसडी. ही सामग्री सुट्या भागांत जमवायला गेलं असतं तर या पैशांत ती कधीच जमली नसती.

मग कंपनीला हे परवडतं कसं? यंत्रावर ती फारसं कमावत नाही. कमावते ते पुढे विकल्या जाणाऱ्या गेमांवर आणि वर्गणीवर. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात साक्ष देताना सांगितलं होतं की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही. सोनीनेही २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की डिस्कवाला प्लेस्टेशन आता तोट्यात विकला जात नाही. म्हणजे तोवर तो तोट्यातच विकला जात होता. आपण यंत्र स्वस्तात घेतो तेव्हा पुढची काही वर्षं त्याच कंपनीच्या दुकानातून माल घ्यायचं कबूल करत असतो. यात फसवणूक नाही, पण हिशेब करताना हे कलम धरायलाच हवं.

आणखी एक बदल ध्यानात ठेवा. पूर्वी कन्सोल जसा जुना होई तसा स्वस्त होई, म्हणून थांबण्यात शहाणपण असे. या पिढीने तो शिरस्ता मोडला. भारतात डिस्कवाल्या प्लेस्टेशन ५ ची किंमत २०२२ च्या अखेरीस ५४,९९० झाली. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये तो पन्नास डॉलरने महागला. सणासुदीला काही हजारांची सूट मिळते, ती जरूर साधा. पण पुढच्या वर्षी आपोआप उतरेल या आशेवर बसून राहू नका.

पाच वर्षांचा हिशेब

यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. गेमची किंमत मोजत राहावी लागते. कन्सोलवरचा मोठ्या कंपनीचा नवा गेम भारतात चार ते पाच हजारांना पडतो. वर्षाला असे तीन गेम धरा, सरासरी साडेचार हजारांनी. पाच वर्षांत साडेसदुसष्ट हजार होतात. कन्सोलच्या किमतीपेक्षा जास्त. वर, विकत घेतलेले बहुतेक गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर वर्गणी भरावी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमांना ती लागत नाही. कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळण्यासाठी अशी वर्गणीच नाही.

कॉम्प्युटरची खरी बाजू इथे दिसते. स्टीमवर किमती रुपयांत असतात, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये दोन-तीन वर्षं जुने गेम काही शे रुपयांत मिळतात. एपिकच्या दुकानात डिसेंबर २०१८ पासून ठरावीक काळाने फुकट गेम वाटले जातात. मे २०२० च्या टाळेबंदीत तर तिथे जीटीए ५ फुकट मिळाला होता. नवा गेम पहिल्याच दिवशी हवा असा हट्ट नसेल, तर कॉम्प्युटरवाला वर्षाच्या दोन-तीन हजारांत पोटभर खेळतो.

कन्सोलवाल्याकडेही एक उपाय आहे: डिस्क. खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, सेकंड हँड घेता येते. गावोगावी हा व्यवहार चालतो. म्हणून सुरुवातीला दहा हजार वाचतात म्हणून बिनडिस्कची आवृत्ती घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. डिस्कची खाच नसलेल्या यंत्रात गेमचा जुना बाजार तुम्हाला बंद होतो आणि कंपनी सांगेल ती किंमत मोजावी लागते. ज्यांना पाच वर्षांत मोजकेच गेम खेळायचे आहेत आणि तेही वर्गणीतून, त्यांनीच डिजिटलचा विचार करावा.

आजूबाजूचे खर्चही मांडा. प्लेस्टेशनबरोबर एकच कंट्रोलर मिळतो. दुसरा भारतात आला तेव्हाच सहा हजारांच्या घरात होता. घरात भावंडं असतील तर तो घ्यावाच लागतो. टीव्ही जुना, साधा एचडी असला तरी कन्सोल चालतो, फक्त चित्रातली जादू पुरती दिसत नाही. नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हा दिलासा धरा. वाढीव मॉनिटर नको, टेबल नको, हा कन्सोलचा फायदाही मांडा.

विजेची चिंता घरातली मोठी माणसं हमखास काढतात. तिचा आकडा छोटा आहे. कन्सोल खेळताना साधारण दोनशे वॅट खातो. रोज दोन तास धरले तर महिन्याला बारा युनिट. मधल्या दर्जाचा गेमिंग कॉम्प्युटर तीनशे वॅट धरला तर अठरा युनिट. फरक सहा युनिटचा, त्यावरून निर्णय ठरू नये. त्यापेक्षा अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वीज वारंवार जात असेल तर यूपीएसचे पैसे वेगळे काढा. दोन्ही यंत्रं मध्येच बंद पडली तर साठवलेल्या माहितीचं नुकसान होऊ शकतं.

इंटरनेटचंही तसंच. हल्लीचे मोठे गेम शंभर जीबीच्या घरात असतात. चाळीस एमबीपीएसच्या जोडणीवर असा एक गेम उतरायला साडेपाच तास लागतात. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या घरात हे शक्यच नाही. तिथे डिस्कवाला कन्सोल घेतला तर निदान गेमचा मोठा भाग डिस्कवरून बसतो.

कुठला गेम, कोणाबरोबर

मुलाला विचारा, तुला कोणता गेम खेळायचा आहे? आणि लगेच दुसरा प्रश्न: तुझे मित्र कशावर खेळतात?

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्या पोराला कन्सोल आणून देणं म्हणजे पैसे पाण्यात. काउंटर-स्ट्राइक २ कॉम्प्युटरवरच आहे. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला खरा, पण कन्सोलवाले आणि कॉम्प्युटरवाले त्यात एकत्र खेळू शकत नाहीत. टोळी कॉम्प्युटरवर आणि आपण सोफ्यावर, असं व्हायचं. दुसरी गोष्ट, हे दोन्ही गेम साध्या कार्डावरही चालतील असे बांधलेले आहेत. त्यांच्यासाठी पन्नास हजारांची गरजच नाही. कित्येकदा आठ जीबीची आणखी एक रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी एवढ्यावर काम भागतं. हे ऐकून घेणाऱ्या घराचे पैसे वाचतात.

याउलट गोष्टीचे मोठे गेम. सोनीचे स्वतःचे गेम आधी प्लेस्टेशनवर येतात. कॉम्प्युटरवर आले तर बरेच उशिरा. घोस्ट ऑफ त्सुशिमा प्लेस्टेशनवर २०२० मध्ये आला, कॉम्प्युटरवर २०२४ मध्ये. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक २०२२ आणि २०२४. स्पायडर-मॅन २ ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२५. ज्याची थांबायची तयारी आहे त्याला हे सगळे कॉम्प्युटरवर पुढे मिळतात, स्वस्तही मिळतात.

आणि यंदा ज्याची सगळे वाट बघत आहेत तो जीटीए ६. रॉकस्टारने जाहीर केलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, म्हणजे दिवाळी झाल्यावर. जाहीर झाला आहे तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या दोनच घराण्यांसाठी. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि कॉम्प्युटरवर एप्रिल २०१५ मध्ये, हा इतिहास लक्षात ठेवा. एवढ्या एका गेमसाठी कॉम्प्युटर वाढवून ठेवणारे अनेक जण भेटले. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की गेम कॉम्प्युटरवर जाहीर होऊ द्या, त्याच्या गरजा कळू द्या, मग खिशात हात घाला.

बाजार कधी उलटतो

गेमिंगचा बाजार गेमरच्या हातात नाही, हे गेल्या पाच-सहा वर्षांनी शिकवलं. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या उत्खननासाठी लोकांनी ग्राफिक्स कार्डं ढिगाने उचलली आणि साध्या खेळाडूला दुप्पट भावातही कार्ड मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनाने उत्खननाची पद्धतच सोडली. उत्खननात दिवसरात्र भाजून निघालेली कार्डं सेकंड हँड बाजारात ओतली गेली. त्यांतली काही अजूनही फिरतात. जुनं कार्ड घ्यायचं तर दुकानातच अर्धा तास जड गेम लावून बघा, पंख्याचा आवाज ऐका, बिल आणि सिरियल नंबर जुळवा. विकणारा घाई करत असेल तर सरळ उठून निघा.

२०२५ च्या अखेरीस नवं संकट आलं, मेमरीचं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या रॅमकडे आपण बिलातली किरकोळ ओळ म्हणून बघायचो तीच आता नव्या कॉम्प्युटरचं गणित बिघडवते. म्हणून ज्याच्याकडे १६ जीबी डीडीआर-४ शाबूत आहे त्याने ती जपावी आणि त्याच खाचेत बसणारं अपग्रेड शोधावं. ज्याला बोर्डापासून सगळं बदलावं लागणार आहे त्याच्यासाठी कन्सोलचं पारडं पूर्वीपेक्षा जड झालं आहे. अर्थात कन्सोलच्या पोटातही मेमरीच असते. त्याची किंमत कायम तिथेच राहील अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

एक इशारा आयात मालाबद्दल. प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्यातल्या वाय-फायला लागणारा सहा गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. तरी बाजारात परदेशातून आणलेली खोकी चढ्या भावाने विकली गेली. अशा खोक्याला इथे वॉरंटी नसते. कॉम्प्युटरचा एखादा भाग गेला तर तेवढाच भाग कंपनीकडे जातो, बाकीचा संच कसातरी चालत राहतो. कन्सोलचा बोर्ड गेला की सगळंच थांबतं. म्हणून कन्सोल घेताना जीएसटीचं पक्कं बिल ही अट सोडू नका, मग दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

कॉम्प्युटर कोणाचा?

ठाण्यातल्या एका घरात संध्याकाळी बहीणभाऊ सोफ्यावर फुटबॉलचा गेम खेळत होते. दोघांच्या हातात कंट्रोलर, आई पोळ्या लाटता लाटता स्कोअर विचारतेय, आजोबा ऑफसाइडवरून वाद घालतायत. गोल झाला की भाऊ बहिणीच्या तोंडासमोर नाचतो. हे दृश्य कन्सोलच देऊ शकतो. पोराने दार लावून हेडफोन घालून एकट्याने खेळणं आणि हॉलमध्ये सगळ्यांदेखत खेळणं यांत पालकांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. अडचण एकच, टीव्ही एकच असतो. भारताचा सामना किंवा आजीची मालिका सुरू झाली की कन्सोल गप्प बसतो. ज्या घरात यावरून भांडणं होणार हे दिसतंय, तिथे आधीच वेळ वाटून द्यावी.

कॉम्प्युटरची बाजू वेगळी आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. कन्सोलवर खेळता येतं. कॉम्प्युटरवर खेळताही येतं आणि खेळ घडवताही येतो. ब्लेंडर फुकट आहे, युनिटी आणि अनरिअल शिकण्यासाठी फुकट मिळतात. ऑगस्ट २०२० मध्ये आलेला राजी हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने घडवला. आपल्या पुराणकथांच्या जगात उतरलेल्या एका मुलीची ती गोष्ट. आधी निन्टेंडो स्विचवर, मग कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर ती जगभर पोचली. कोणत्याही यंत्रावर खेळला जाणारा गेम आधी कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर जन्मतो. तुमच्या मुलीला चित्रं हलवून बघायची, पातळ्या रचायची, कोड लिहायची ओढ असेल, तर तिच्यासाठी कॉम्प्युटरवर केलेला खर्च दुहेरी कामाला येतो. पुण्याच्या त्या विद्यार्थिनीचं कार्ड दिवसा रेंडर करतं आणि रात्री गेम चालवतं.

मात्र ही ओढ खरी असली पाहिजे. आपल्याकडे या बाबतीत जुनी सवय आहे. नव्वदीत सामुराईच्या डब्यावर कॉन्ट्रा आणि मारिओ खेळणाऱ्या पिढीला पुढे कॉम्प्युटर हवा झाला, तेव्हा तो "अभ्यासासाठी" म्हणून मागितला गेला. आईवडिलांनी फंडातून पैसे काढून तो आणला आणि त्यावर व्हाइस सिटी आणि आयजीआय चाललं. आजही "कोडिंगसाठी लागतं", "ऑनलाइन क्लासला लागतं" म्हणत महागडं कार्ड मागितलं जातं. ऑनलाइन क्लासला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कोडिंग शिकायला जुना आय-५, एक एसएसडी आणि लिनक्स पुरतं. डोंबिवलीच्या त्या संचाचंही तेच करता येईल. त्यात एसएसडी घालायची, लिनक्स टाकायचं, अभ्यास आणि घरची कामं त्यावर करायची. आणि खेळायला कन्सोल. दोन्ही मिळून खर्च नव्या गेमिंग कॉम्प्युटरपेक्षा कमी येतो आणि दोन माणसं एकाच वेळी दोन यंत्रं वापरू शकतात.

ठरवायचं कसं

म्हणून या दिवाळीला क्रम असा ठेवा. आधी कॅबिनेट उघडा आणि प्रोसेसर, बोर्ड, रॅम, सप्लाय, कार्ड हे पाच भाग कागदावर लिहा. मुलानेच लिहू दे, त्यातूनही तो शिकेल. पाचांपैकी एक बदलून भागत असेल तर डोळे मिटून अपग्रेड करा, कारण एवढ्या पैशांत एवढा आनंद दुसरं काही देणार नाही. दोन बदलायचे असतील आणि त्यातला एक सप्लाय असेल तरीही अपग्रेडच. तीन किंवा अधिक असतील तर थांबा. मित्र कॉम्प्युटरवर खेळतात का, गेम घडवायची ओढ आहे का, हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींना होकार आला तर वर्षभर पैसे साठवून नीट नवा कॉम्प्युटर घ्या, निम्मा-अर्धा नको. नाहीतर डिस्कवाला कन्सोल घ्या, आणि जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी घालून अभ्यासाला लावा.

आणि हे सगळं ठरवताना घरात एक गोष्ट मोकळेपणाने बोलली जावी. आपण हे खेळण्यासाठी घेत आहोत. सतार शिकण्यासाठी सतार घेतो, ट्रेकसाठी बूट घेतो, तसंच हे. खेळण्यासाठी घेतो म्हटलं की किती खर्च करायचा, दिवसाला किती वेळ, परीक्षेच्या महिन्यात काय, हे सरळ ठरवता येतं. अभ्यासाच्या नावाखाली घेतलं की पहिल्याच चाचणीच्या मार्कांवरून घरात संशय शिरतो आणि यंत्र गुन्हेगार ठरतं. मुलांनी हेतू लपवू नये, मोठ्यांनी खेळाला कमी लेखू नये. एवढा खरेपणा असेल तर पन्नास हजारांचा हा निर्णय एका रविवारात होतो आणि पुढची पाच वर्षं त्याचा पश्चात्ताप होत नाही.